अद्ययावत सॉफ्टवेअर आणि जुना मोबाइल फोन



'भ्रमणध्वनी' हा शब्द मराठीत आला तेव्हा ते उपकरण केवळ फिरता फिरता बोलण्याचे साधन होते. आज त्याच उपकरणात बँकेचे खातेपुस्तक आहे, शाळेची सूचना आहे, रेल्वेचे तिकीट आहे, हवामानाचा अंदाज आहे आणि शासकीय योजनेच्या लाभार्थ्याची ओळखही आहे. शब्द तोच राहिला, वस्तू मात्र बदलली. पूर्वी घरी बसवलेले दूरध्वनी यंत्र पंधरा-वीस वर्षे तसेच चालत असे. त्यात फेरफार करायचा झाला तर खात्याचा माणूस घरी येऊन, सांगून तो करीत असे. स्मार्टफोनचे अंतरंग मात्र विकत घेतल्यानंतरही बदलत राहते. रात्री फोन चार्जिंगला लावावा, सकाळी तो नव्या आवृत्तीसह जागा व्हावा, आणि दुपारपर्यंत 'फोन पहिल्यासारखा चालत नाही' ही तक्रार सुरू व्हावी, हा अनुभव कोट्यवधी लोकांचा आहे.

या तक्रारीवर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे की कंपन्या नवे फोन खपवण्यासाठी जुने फोन मुद्दाम मंद करतात. दुसरे मत असे की हा केवळ मनाचा खेळ आहे, नवा फोन पाहिला की हातातला मंद वाटू लागतो. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. या विषयाला केवळ ग्राहकोपयोगी सल्ल्याचे स्वरूप राहिलेले नाही. फोन हे सार्वजनिक सेवांचे दार झाल्यानंतर तो किती वर्षे आणि किती वेगाने चालतो, हा विकासाचाही प्रश्न आहे.

प्रथम यंत्राकडे पाहावे लागेल. फोनमधील रॅम म्हणजे काम करतानाचे टेबल, आणि साठवण म्हणजे मागचे कपाट, अशी कल्पना केली तर पुढचे समजणे सोपे जाते. ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती आली की टेबलावर तिच्या स्वतःच्या वस्तू अधिक जागा व्यापतात. एक किंवा दोन जीबी रॅमच्या फोनमध्ये मग अॅपसाठी फारशी जागा उरत नाही. एक अॅप उघडले की दुसरे टेबलावरून काढून कपाटात ठेवावे लागते. त्याकडे परत आल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागते. वापरणाऱ्याला जाणवतो तो अडखळण्याचा क्षण बहुतांशी हाच. अर्धा भरलेला अर्ज सोडून संदेशातील सांकेतिक क्रमांक पाहायला जावे आणि परत येईपर्यंत अर्ज कोरा झालेला असावा, यामागेही हेच कारण असते.

कपाटाचे गणित वेगळे आहे. फोनमधील साठवणीच्या चिपवर नवी माहिती थेट जुन्यावर लिहिता येत नाही. आधी जुना भाग पुसावा लागतो, आणि पुसण्याचे काम मोठ्या तुकड्यांतच होते. कपाट जवळजवळ भरलेले असेल तर चिपला आतल्या आत सामान हलवत बसावे लागते आणि लिहिण्याचा वेग कोसळतो. नवी आवृत्ती दोन-तीन जीबी अधिक जागा घेते तेव्हा हेच घडते. त्यात घराघरांतील फोनमध्ये रोज साचणाऱ्या शुभेच्छा-चित्रांची आणि चित्रफितींची भर पडते. वेगाचा हा ऱ्हास अद्ययावतीकरणानंतर लक्षात येतो, म्हणून दोष त्याच्याच माथी जातो.

याच बाबतीत एका उपकरणाची कथा बोलकी आहे. गूगलचा २०१२ सालचा नेक्सस ७ हा टॅब्लेट काही महिन्यांच्या वापरानंतर मंदावत असे. रिकामी झालेली जागा चिपला वेळोवेळी कळवण्याची सोय त्यात नव्हती. जुलै २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.३ आवृत्तीने ती सोय दिली आणि तो टॅब्लेट पुन्हा चपळ झाला. पुढे २०१४ च्या अखेरीस त्याच टॅब्लेटवर अँड्रॉइड ५.० आली आणि तो इतका रेंगाळू लागला की अनेकांनी तो बाजूला ठेवून दिला. एकाच वस्तूला एका अपडेटने तारले आणि दुसऱ्याने बुडवले.

आणखी एक तात्पुरते कारण सांगितले पाहिजे, कारण त्यामुळे बरीच घाई टळेल. मोठ्या अद्ययावतीकरणानंतर फोन पडद्यामागे अनेक कामे करतो. अॅप नव्या आवृत्तीला अनुरूप करून घेतो, छायाचित्रांची सूची नव्याने तयार करतो, शोधासाठीची अनुक्रमणी बांधतो. या काळात फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते, स्पर्शाला प्रतिसाद उशिरा मिळतो. एक-दोन दिवसांत हे काम संपते. पहिल्याच दिवशी फोनवर निकाल देणे म्हणूनच योग्य नव्हे.

आता बॅटरीचा विचार करू या. या विषयातील सर्वांत गाजलेले प्रकरण तिच्याभोवतीच घडले. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिच्यात कमी वीज मावते, हे सर्वांना माहीत असते. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी की तिचा अंतर्गत रोधही वाढतो. प्रोसेसरला एकाएकी अधिक शक्ती लागली की अशा बॅटरीचा दाब क्षणभर खाली येतो, आणि पडद्यावर तीस टक्के वीज शिल्लक दिसत असतानाही फोन बंद पडतो. थंडीत हे अधिक होते. उष्णतेत बॅटरीचे वार्धक्यच लवकर येते, आणि भारतातील बहुतेक फोन वर्षातील कित्येक महिने उष्णतेतच वावरतात.

२०१६ मध्ये अ‍ॅपलच्या आयफोन ६ आणि ६एस या फोनांबाबत अशा अचानक बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्या. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने आयओएस १०.२.१ ही आवृत्ती दिली. बंद पडण्याचे प्रमाण त्यानंतर बरेच घटले, असे कंपनीने सांगितले. ते कसे घटले, हे मात्र सांगितले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कॅनडातील जॉन पूल यांनी त्याचा उलगडा केला. फोनचा वेग मोजणारे गीकबेंच हे सॉफ्टवेअर त्यांच्याच संस्थेचे. असंख्य आयफोन ६एसच्या मोजण्या त्यांनी आलेखावर मांडल्या. जुन्या आवृत्तीत सर्व फोनांचा वेग एका ठरावीक अंकाभोवती एकवटलेला होता. नव्या आवृत्तीनंतर त्याच आलेखात खालच्या वेगाची वेगवेगळी शिखरे दिसू लागली. एकाच प्रकारचे फोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर उतरवले गेले होते. बॅटरी बदलल्यावर वेग परत येतो, हे काही वापरकर्त्यांनी त्याआधीच दाखवले होते.

दोनच दिवसांनी, २० डिसेंबर २०१७ रोजी, कंपनीने मान्य केले की बॅटरी जीर्ण झालेल्या फोनांत प्रोसेसरची कमाल शक्ती सॉफ्टवेअरद्वारे आवरली जाते. २८ डिसेंबरला तिने जाहीर क्षमायाचना केली आणि वर्षभरासाठी बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. भारतात तो कर वगळून ६,५०० रुपयांवरून २,००० रुपयांवर आला. मार्च २०१८ च्या आवृत्तीत बॅटरीची स्थिती दाखवणारा तक्ता आणि वेग आवरण्याची सोय बंद करण्याचा पर्याय देण्यात आला.

तांत्रिक दृष्टीने पाहता हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. अधूनमधून मंद होणारा फोन हा अवेळी बंद पडणाऱ्या फोनपेक्षा बरा. रुग्णवाहिकेला दूरध्वनी करताना फोन बंद पडला तर वेगाचा काय उपयोग? चूक होती ती न सांगण्यात. दोन हजार रुपयांची बॅटरी बदलून जे काम झाले असते त्यासाठी लोकांनी पन्नास-साठ हजारांचा नवा फोन घेतला, कारण आजार बॅटरीचा आहे हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीला अडीच कोटी युरोचा दंड केला, तो ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल. अमेरिकेतील सामूहिक दाव्यात कंपनीने चूक अमान्य करीत पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तडजोड स्वीकारली. २ जानेवारी २०१९ रोजी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात मुख्य कार्यकारी अधिकारी टिम कुक यांनी विक्रीचा अंदाज घटवला. त्यासाठी दिलेल्या कारणांत चीनमधील मंदीबरोबर एक कारण असेही होते की स्वस्त दरातील बॅटरी बदलून घेतल्यामुळे काही ग्राहकांनी नवा फोन घेतला नाही. बॅटरीच्या माहितीचे आर्थिक मोल किती असते, हे याहून स्पष्टपणे कोणी क्वचितच सांगितले असेल.

हे केवळ एका कंपनीचे नव्हे. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अ‍ॅपलला एक कोटी युरोचा दंड केला, तेव्हा सॅमसंगलाही पन्नास लाख युरोचा दंड केला. गॅलक्सी नोट ७ या नव्या फोनसाठी बेतलेली अँड्रॉइडची आवृत्ती जुन्या नोट ४ च्या मालकांना आग्रहाने घ्यायला लावली आणि त्यामुळे होणाऱ्या बिघाडाची कल्पना दिली नाही, असा तो ठपका होता. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ४ए या फोनला दिलेल्या अपडेटने काही फोनांतील बॅटरीची उपयुक्त क्षमता कमी झाली. या वेळी कंपनीने ते सांगून केले आणि भरपाईचे पर्यायही ठेवले, एवढा फरक २०१७ पासून पडला. फोनधारकाला नकार देण्याची सोय मात्र नव्हती.

याच्या उलट उदाहरणही नोंदवले पाहिजे. २०१८ मध्ये आयओएस १२ ही आवृत्ती जुन्या फोनांचा वेग वाढवण्याचे उद्दिष्ट ठेवूनच तयार झाली. २०१३ सालच्या आयफोन ५एसवरही ती चालत होती. २०१४ सालच्या आयफोन ६ प्लसवर अॅप चाळीस टक्क्यांपर्यंत लवकर उघडतात, कळफलक पन्नास टक्क्यांपर्यंत लवकर येतो, असा कंपनीचा दावा होता आणि वापरणाऱ्यांचा अनुभवही त्याला दुजोरा देणारा होता. मनावर घेतले तर जुन्या यंत्रासाठी चांगले सॉफ्टवेअर लिहिता येते.

मनाच्या खेळाचा मुद्दाही थोडक्यात पाहू. तमिळनाडूत जन्मलेले आणि त्या वेळी हार्वर्डमध्ये अध्यापन करणारे अर्थशास्त्रज्ञ सेंथिल मुल्लैनाथन यांनी २०१४ मध्ये एका लेखात अभ्यासक लॉरा ट्रुको यांचे एक निरीक्षण मांडले. नवा आयफोन बाजारात येतो त्या सुमारास 'आयफोन मंद' असा शोध इंटरनेटवर एकदम वाढतो. सॅमसंगच्या नव्या फोनच्या वेळी तसे होत नाही. यावरून हेतू सिद्ध होत नाही, हे त्यांनी स्वतःच बजावले होते. आयफोनमध्ये नवे यंत्र आणि नवी आवृत्ती एकाच वेळी येतात, अँड्रॉइडमध्ये तसे नसते. तेवढ्यानेही हा फरक पडू शकतो. आकडे संशय दाखवतात, कारण दाखवत नाहीत.

भारतातील बहुसंख्य फोन अँड्रॉइडवर चालतात, म्हणून तेथील व्यवस्था जरा खोलात पाहणे आवश्यक आहे. अँड्रॉइडची नवी आवृत्ती गूगल तयार करते. ती फोनपर्यंत पोहोचण्यासाठी आधी चिप बनवणाऱ्या कंपनीने आपले भाग तिला जुळवून द्यावे लागतात, मग फोन बनवणाऱ्या कंपनीने आपली सजावट आणि आपली अॅप तीत बसवावी लागतात, चाचण्या घ्याव्या लागतात. या साखळीत कोणीही थांबला की फोन थांबतो. स्वस्त फोनमध्ये नफा थोडा असल्याने विक्री झाल्यावर त्यावर खर्च करण्यास फारसे कोणी उत्सुक नसते. भारतात अतिशय खपलेले अनेक स्वस्त फोन एखादीच नवी आवृत्ती घेऊन थांबले, काहींना तीही मिळाली नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अँड्रॉइड वन ही योजना सुरू झाली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांचे सुमारे ६,४०० रुपयांचे फोन, आणि अद्ययावतीकरण थेट गूगलकडून, अशी ती कल्पना होती. नव्या आवृत्त्या खरोखरच आल्या. पण त्या फोनांत रॅम एक जीबी आणि अंतर्गत साठवण अवघी चार जीबी होती. नवी आवृत्ती घेतल्यावर छायाचित्रांना जागा उरेना, अॅप काढून टाकावी लागली. अद्ययावतीकरणाचे आश्वासन पाळले तरी यंत्रात त्यासाठी मोकळी जागा ठेवलेली नसेल तर ते आश्वासनच ओझे होते, हा धडा या योजनेने दिला. त्यानंतर २०१७ मध्ये कमी रॅमच्या फोनसाठी अँड्रॉइड गो ही हलकी आवृत्ती जाहीर झाली. त्याच वर्षीच्या अँड्रॉइड ८.० मध्ये चिपशी जोडलेला भाग आणि वरची प्रणाली वेगळी करण्याची रचना आली. २०१९ पासून प्रणालीचे काही महत्त्वाचे भाग संपूर्ण आवृत्ती न बदलता स्वतंत्रपणे सुधारता येऊ लागले. हे बदल ग्राहकाच्या नजरेस पडत नाहीत, तरी जुन्या फोनच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे आहेत.

कारण अपडेट या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या गेल्या आहेत. एक सुरक्षेची दुरुस्ती, दुसरी नव्या सुविधा आणि नवे रूप. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमधील स्टेजफ्राइट नावाची त्रुटी उघडकीस आली. केवळ एक चित्रसंदेश पाठवून फोनचा ताबा घेता येईल अशी ती त्रुटी होती, आणि ती शोधणाऱ्यांच्या अंदाजानुसार सुमारे ९५ कोटी उपकरणे तिच्या कक्षेत होती. त्यानंतरच्या महिन्यात गूगलने दरमहा सुरक्षा दुरुस्ती देण्यास सुरुवात केली. भारताची सर्ट-इन ही संस्थाही अशा त्रुटींबाबत वेळोवेळी सूचनापत्रे काढत असते. सुरक्षेची दुरुस्ती आकाराने लहान असते, फोन मंद करण्याइतके त्यात सहसा काही नसते. मोठी आवृत्ती घेतल्याने फोन मंदावला म्हणून यापुढे सर्वच अपडेट बंद, हा अनेकांचा निर्णय म्हणूनच धोक्याचा आहे. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होतात त्या फोनवर तर तो घराला कडी न लावण्यासारखा आहे. लोकांना हा फरक कळत नाही यात लोकांचा दोष कमी. दोन्ही गोष्टी एकाच सूचनेत, एकाच बटणाखाली येत असतील तर निवड कशी करणार? त्यात परतीची वाटही नसते. नव्या आवृत्तीनंतर जुनीकडे जाणे बहुतेक फोनांत सामान्य माणसाला शक्य नसते.

अद्ययावतीकरण न घेणाऱ्याला शेवटी दुसऱ्या बाजूने गाठले जाते. अॅप तयार करणारे जुन्या आवृत्त्यांना आधार देणे थांबवतात. व्हॉट्सअ‍ॅपने नोव्हेंबर २०२१ मध्ये अँड्रॉइड ४.१ च्या आधीच्या आवृत्त्यांचा आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ५.० च्या आधीच्या सर्व आवृत्त्यांचा आधार काढून घेतला. बँकांची आणि देयकांची अॅपही असेच किमान आवृत्तीची अट घालतात. सुरक्षेच्या कारणास्तव ते समर्थनीय आहे. फोन मात्र चालू स्थितीत असतो, पडदा शाबूत असतो, आवाज येतो, आणि तरीही तो एका सकाळी निरुपयोगी ठरतो.

खासगी व्यवहारात याचा परिणाम म्हणजे नवा फोन घेण्याचा खर्च. सार्वजनिक योजनांत परिणाम अधिक दूरवर जातो, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. पोषण अभियानाखाली अंगणवाडी सेविकांना नोंदी ठेवण्यासाठी स्मार्टफोन देण्यात आले होते. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारने पोषण ट्रॅकर हे नवे अॅप सुरू केले. फोन जुन्या अॅपच्या काळातले, दोन जीबी रॅमचे. नवे अॅप त्यांवर अडखळू लागले. फोन तापतात, मध्येच बंद पडतात, साठवण भरते, दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागतो, अशा तक्रारी झाल्या. मराठीतून माहिती भरता येत नाही ही तक्रार वेगळीच. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील सेविकांनी हे फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. मानधनावर काम करणाऱ्या या स्त्रियांनी फोन परत केला तो तंत्रज्ञानाच्या विरोधात नव्हे. लाभार्थी बालकाचे वजन हातातल्या वहीत लिहायला एक मिनिट लागते, आणि तेच फोनमध्ये भरताना तीन वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, ही व्यवहारातील अडचण होती.

या अॅपच्या मागण्या त्यानंतर वाढतच गेल्या आहेत. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहाराच्या वाटपासाठी लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची पद्धत बंधनकारक करण्यात आली. गैरवाटप रोखणे हा तिचा हेतू योग्य आहे. परंतु चेहरा जुळवण्यासाठी बरा कॅमेरा, पुरेशी रॅम आणि संपर्कजाळे लागते. जुन्या फोनवर ही जुळणी फसली तर दारात उभी असलेली गरोदर स्त्री पुन्हा रांगेत उभी राहते. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून हजेरीची छायाचित्रे अॅपद्वारे दिवसातून दोनदा पाठवणे आवश्यक झाले, तेव्हाही अनेक ठिकाणी कामावरील मेटचा स्वतःचा, साधा फोनच वापरावा लागला. छायाचित्र गेले नाही तर हजेरी लागत नव्हती आणि हजेरी नाही तर मजुरीचा प्रश्न. अॅपची किमान आवृत्ती कोणती ठेवायची, हा कार्यालयात तांत्रिक वाटणारा निर्णय गावात शिध्याचा आणि मजुरीचा निर्णय होतो.

यावर उपाय काय, याचा विचार अनेक देशांत सुरू आहे आणि त्यात युरोपीय संघ पुढे आहे. २० जून २०२५ पासून तेथे लागू झालेल्या नियमानुसार एखाद्या नमुन्याचा शेवटचा फोन बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टीमची अद्ययावतीकरणे पुरवावी लागतात. बॅटरीने आठशे वेळा भरून-उतरूनही मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्के क्षमता टिकवली पाहिजे आणि सुटे भाग सात वर्षे मिळाले पाहिजेत. फोनच्या खोक्यावर दुरुस्तीसुलभतेची श्रेणीही छापावी लागते. बाजारानेही पाऊल उचलले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी गूगलने आणि जानेवारी २०२४ मध्ये गॅलक्सी एस२४ साठी सॅमसंगने सात वर्षांच्या अद्ययावतीकरणाचे आश्वासन दिले. हे फोन महाग आहेत. दहा हजारांच्या फोनला सात वर्षे मिळणे अजून दूरचे आहे, आणि भारतातील प्रश्न त्याच फोनांचा आहे.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू हे त्यातील चार क्षेत्रांपैकी एक. सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीसुलभता निर्देशांकासाठी दुसरी समिती नेमण्यात आली आणि तिने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला. फोन उघडता येतो का, सुटा भाग मिळतो का, हे असा निर्देशांक सांगेल. त्यात अद्ययावतीकरणाच्या वर्षांना किती वजन दिले जाते, याकडे लक्ष असावयास हवे. स्क्रू उघडणारा पण सुरक्षा दुरुस्ती बंद झालेला फोन दुरुस्तीयोग्य म्हणणे कठीण आहे.

ग्राहकाच्या हाती असलेल्या गोष्टी मोजक्या आहेत. फोन घेताना किंमत आणि कॅमेऱ्याबरोबर सुरक्षा दुरुस्ती किती वर्षे मिळणार हे विचारावे. साठवणीचा पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. तीन वर्षे झालेला फोन मंदावला तर तो टाकून देण्याआधी अधिकृत ठिकाणी बॅटरी तपासून घ्यावी. मोठी आवृत्ती आल्याबरोबर न घेता दोन-तीन आठवडे थांबावे, सुरक्षेची दुरुस्ती मात्र लांबणीवर टाकू नये.

शासनाच्या हाती याहून अधिक आहे. देशात अंगणवाडी केंद्रेच सुमारे १४ लाख आहेत. एवढ्या मोठ्या खरेदीच्या निविदेत एका ओळीची अट पुरवठादाराच्या वागण्यात फरक पाडू शकते. पाच वर्षांच्या योजनेसाठी फोन घेताना सुरक्षा दुरुस्तीची पाच वर्षे लेखी मागता येतील, आजच्या अॅपला लागते त्याच्या दुप्पट रॅम ठेवता येईल, तिसऱ्या वर्षी बॅटरी बदलण्याची तरतूद मूळ कंत्राटातच करता येईल. अॅपच्या बाजूनेही काम आहे. नोंदी भरणे आणि चेहरा ओळखणे हे भाग वेगळे ठेवले तर एक अडला तरी दुसरा चालू राहील. संपर्कजाळे नसताना भरलेली माहिती फोनमध्येच सुरक्षित राहावी आणि वहीतील नोंदही ग्राह्य धरली जावी, अशी सोय नियमातच हवी. आणि अॅपची नवी आवृत्ती राज्यभर पाठवण्याआधी ती दिल्ली-मुंबईच्या कार्यालयातील नव्या फोनवर तपासण्याबरोबरच, मेळघाटात किंवा अक्कलकुव्यात सेविकांच्या हाती असलेल्या सर्वांत जुन्या फोनांवर महिनाभर चालवून पाहावी, आणि तेथे ती अडखळली तर ती पुढे पाठवू नये.